सेम टू सेम मिळत नाही तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे ‘ट्रान्झिस्टर’ म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर अजूनही चामडी कव्हर घातलेला, खांद्याला अडकवायचा रेडिओच येतो. पेणच्या माझ्या दुकानात माणसे यायची आणि म्हणायची, ‘आमचा ट्रान्झिस्टर बंद पडलाय, बघा जरा.’ मी सेट उघडून, मीटर लावून सांगायचो, ‘काका, तुमच्या ट्रान्झिस्टरचा ट्रान्झिस्टर गेलाय.’ काका माझ्याकडे संशयाने पाहायचे. मग त्यांना आतला वाटाण्याएवढा, तीन पायांचा तो काळा ठिपका दाखवावा लागे. खरा ट्रान्झिस्टर तो. रेडिओला त्याचे नाव लागले, इतकेच.

हे पटले की पुढचे वाक्य ठरलेले असायचे, ‘मग आता सेम टू सेम टाका हं, दुसरा नको.’

आज मी बोलणार आहे ते या ‘सेम टू सेम’बद्दल. पेण आणि रोहा या दोन गावांत रेडिओ, टीव्ही, ध्वनिक्षेपक आणि हाताला येईल ते दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. आठवड्यातले काही दिवस पेणला, काही दिवस रोह्याला. या सगळ्या काळात सेम टू सेम ट्रान्झिस्टर हाताशी असण्याचे प्रसंग थोडे आणि नसण्याचे फार. नसला की पर्यायी शोधायचा. तो कसा शोधायचा, कुठे चालतो आणि कुठे चालवून घेऊ नये, हे सांगावे म्हणतो.

ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात लागला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली या तिघांना त्याबद्दल १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली आणि नंतर सिलिकॉनचेही. जगभरच्या कारखान्यांनी मिळून या एवढ्याशा वस्तूचे हजारो नंबर बाजारात आणले. त्यांतले कितीतरी आता बनतच नाहीत. जुन्या रेडिओतला एसी १२८ घ्या, नाहीतर बीएफ १९४ घ्या. एके काळी किराणा दुकानात जिरे-मोहरी मिळावी तसे मिळत. आज मिळाले तर जुन्या साठ्यातले.

त्यातून आमची गावे. नेमका नंबर हवा तर मुंबईला लॅमिंग्टन रोड गाठायचा. रोह्याहून दिव्याची पॅसेंजर धरायची, मग लोकल, मग ग्रँट रोड. दोन-तीन रुपयांच्या वस्तूसाठी अख्खा दिवस आणि भाडे वेगळे. गिऱ्हाईक तेवढे देणार नाही आणि आपल्यालाही परवडणार नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांना पर्याय शोधण्याची विद्या शिकावीच लागली.

नंबर काय सांगतो

आधी नंबर वाचायला शिकावे. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर ‘ए’ असेल तर माल जर्मेनियमचा, ‘बी’ असेल तर सिलिकॉनचा. दुसरे अक्षर काम सांगते. ‘सी’ म्हणजे आवाजाच्या लहरींचे हलके काम, ‘डी’ म्हणजे तेच काम पण जास्त ताकदीचे, ‘एफ’ म्हणजे उच्च वारंवारतेचे, रेडिओ लहरींचे काम आणि ‘यू’ म्हणजे मोठ्या दाबाची उघडझाप. म्हणजे एसी १२८ हा जर्मेनियमचा, आवाजाच्या कामाचा, आणि बीएफ १९४ हा सिलिकॉनचा, रेडिओ लहरींच्या कामाचा, हे नुसत्या नावावरून कळते. अमेरिकन नंबर ‘२एन’ने सुरू होतात, त्यातून मात्र कामाचा पत्ता लागत नाही. जपानी नंबर ‘२एस’ने सुरू होतात, पण अंगावर छापताना ही दोन अक्षरे गाळतात. त्यामुळे ‘सी ९४५’ असे दिसले तर त्याचे पूर्ण नाव ‘२एससी ९४५’. नवीन पोरे ‘सी ९४५’ आणि ‘बीसी ५४८’ दोन्हींत ‘सी’ आहे म्हणून भाऊ-भाऊ समजतात. ते तसे नाहीत.

नावाच्या पुढे गुण जुळवायचे. लग्नात पत्रिका जुळवताना छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी भटजी ‘हरकत नाही’ म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत सगळेच गुण जुळायला हवेत असे नाही, पण काही गुण असे आहेत की ते जुळले नाहीत तर लग्न मोडलेच म्हणून समजा.

ते समजायला एक उदाहरण देतो. ट्रान्झिस्टर म्हणजे पाण्याचा नळ धरा. एका पायाने वीज आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते, आणि तिसरा पाय, ज्याला बेस म्हणतात, ती नळाची चावी. चावी किंचित फिरवली की मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. आता नळ बदलायचा तर काय पाहाल? पाणी कोणत्या दिशेने वाहते, दाब किती सोसेल, पाणी किती वाहून नेईल, चावी किती हलकी आहे आणि नळाचे आटे जुन्या पाइपाला बसतात का. ट्रान्झिस्टरचेही तेच.

दिशा म्हणजे जात. एनपीएन आणि पीएनपी अशा दोन जाती, त्यांत प्रवाहाची दिशा उलटी. एकाच्या जागी दुसरा कधीही चालत नाही. दुसरा गुण माल, जर्मेनियम की सिलिकॉन. तिसरा, व्होल्टेज किती सोसतो. चौथा, प्रवाह आणि उष्णता किती झेपते. पाचवा, वाढीचे प्रमाण, ज्याला आम्ही गेन म्हणतो. सहावा, वेग, म्हणजे किती वारंवारतेपर्यंत साथ देतो. आणि सातवा, सगळ्यात साधा पण सगळ्यात जास्त फसवणारा, पायांचा क्रम.

व्होल्टेज आणि प्रवाहाच्या बाबतीत नियम सोपा. वरच्याने खालच्याची जागा घ्यावी, खालच्याने वरच्याची घेऊ नये. बीसी ५४६, ५४७ आणि ५४८ ही तीन सख्खी भावंडे. पहिला ६५ व्होल्ट सोसतो, दुसरा ४५ आणि तिसरा ३०. तेव्हा ५४८ च्या जागी ५४६ डोळे मिटून टाका, उलट करताना मात्र सर्किटात किती व्होल्ट आहेत ते आधी मोजा. याच घराण्यातले बीसी १०७, १०८ धातूच्या टोपीत यायचे, नंतर बीसी १४७, १४८ प्लास्टिकमध्ये आले आणि मग हे ५४७, ५४८. एकाच घराच्या तीन पिढ्या म्हणा. जुन्या सेटमध्ये १४८ गेला आणि जवळ ५४८ असला तर बहुतेक ठिकाणी काम भागते, फक्त पाय तपासून बसवायचे. शेवटचे अक्षरही पाहावे. ५४८ ए चा गेन साधारण ११० ते २२०, बी चा २०० ते ४५० आणि सी चा ४२० ते ८००. काही सर्किटांना हा फरक कळतही नाही, काहींचे सगळे त्यावरच अवलंबून असते.

खारेपाटातला भोंगा

पायांच्या क्रमाची आणि गेनची एक गोष्ट सांगतो. पेणच्या पश्चिमेला खाडीच्या बाजूचा जो भाग, तो आमचा खारेपाट. तिथल्या गावांची पिण्याच्या पाण्याची ओढाताण जुनी आहे. नळ आहे, पण पाणी कधी येईल याचा नेम नाही. रात्री दीडला येईल, पहाटे चारला येईल आणि अर्ध्या तासात जाईल. बाईमाणसाने जागायचे किती? म्हणून मी काही घरांना एक छोटा भोंगा करून दिला होता. नळाखालच्या पिंपात दोन तारा सोडायच्या. पाणी तारांना लागले की पाण्यातून अगदी नावापुरती वीज वाहते, ती बीसी ५४८ च्या बेसला मिळते, तो पुढच्या ट्रान्झिस्टरला जागा करतो आणि भोंगा वाजतो. तीन पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने चालतो.

एका घरातला असा भोंगा बंद पडला. मी त्या दिवशी रोह्याला. घरच्यांनी तो दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घेतला. त्याने पहिला ट्रान्झिस्टर बदलला, दोन तारा एकमेकींना टेकवून दाखवल्या, भोंगा खणखणीत वाजला. पैसे दिले-घेतले. पण रात्री पाणी आले तेव्हा भोंगा गप्प. सकाळी पिंप गच्च भरून वाहून गेलेले, बाकीची भांडी कोरडी, आणि वहिनी माझ्या दुकानाच्या पायरीवर. ‘दादा, तुमच्यासमोर पण वाजंल. पान्यात वाजत नाय.’

वहिनींचे म्हणणे तंतोतंत खरे होते. तारा टेकवल्या की वाजे, पाण्यात बुडवल्या की नाही. उघडून पाहिले तर ५४८ च्या जागी २एन ३९०४ बसवलेला. ट्रान्झिस्टर चांगला, नवा, आणि गुणांनी त्या जागी शोभणारा. पण ५४८ ची चपटी बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम. ३९०४ चा क्रम नेमका उलट, एमिटर, बेस, कलेक्टर. बोर्डावर चपट्या बाजूची खूण छापलेली, त्या खुणेप्रमाणे तो बसवला गेला. बेस मधलाच असल्याने तो बरोबर जागी पडला आणि दोन टोकांची मात्र अदलाबदल झाली.

आता गंमत अशी की उलटा बसवलेला ट्रान्झिस्टर अगदीच मरत नाही. तो चालतो, पण शेकड्यात असणारा त्याचा गेन जेमतेम काही पटींवर येतो. तारा टेकवल्या की भरपूर वीज मिळते, तेव्हा तेवढाही पुरतो. पाण्यातून मिळणाऱ्या क्षीण विजेला तो पुरत नाही. मी तोच ट्रान्झिस्टर काढला, तोंड फिरवून बसवला. नवा भागसुद्धा लागला नाही. पाण्याच्या पेल्यात तारा बुडवल्या आणि भोंगा वाजला.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, पाय कधीही गृहीत धरू नयेत. सी ९४५ मध्ये तर एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम असतो, तिथे पायांना पीळ देऊनच बसवावे लागते. आणि दोन, दुरुस्ती तपासायची ती ज्या कामासाठी वस्तू आहे त्या कामावर. पाण्याचा भोंगा पाण्यात तपासावा. टेबलावर वाजला म्हणजे झाले नाही. आमच्या दृष्टीने तो एक ट्रान्झिस्टर असतो, त्या घराच्या दृष्टीने दिवसभराचे पाणी असते.

गणपतीच्या दिवसांत

पेण म्हटले की गणपती. मूर्तींच्या कारखान्यांत आषाढ-श्रावणात रात्र-रात्र काम चाले आणि रंगकाम करणाऱ्यांच्या उशाशी रेडिओ. शाडूची, प्लास्टरची धूळ आणि पावसाळी दमट हवा यांनी त्या रेडिओंचे पाय गंजून जात. मी अनेकदा पाहिले आहे की ट्रान्झिस्टर गेला म्हणून आणलेल्या सेटमध्ये ट्रान्झिस्टर ठीक असतो, त्याचा एखादा पाय तेवढा गंजून तुटलेला असतो. म्हणून पर्याय शोधण्यापूर्वी जुना खरोखर गेला आहे का हे मीटरवर पाहावे.

मग मंडळांच्या आराशीचे दिवे यायचे. मागे-पुढे पळणाऱ्या माळा. आत एक ५५५ आणि एक ४०१७ अशा दोन आयसी, आणि प्रत्येक माळेला एसएल १०० हा ट्रान्झिस्टर. गोल पत्र्याची टोपी, कडेला बारीक कान, त्या कानाजवळचा पाय एमिटरचा. आपल्या देशात कॉलेजच्या प्रयोगशाळेपासून गल्लीतल्या आराशीपर्यंत याने राज्य केले. ५० व्होल्ट, अर्धा अँपिअर. हा मिळेनासा झाला की काही मंडळांचे हौशी कार्यकर्ते त्या जागी बीसी ५४७ लावायचे, कारण तो सगळीकडे मिळतो. पण ५४७ ला १०० मिलिअँपिअर झेपतात आणि माळ ओढते ३००. पहिल्या आरतीपर्यंत तो धूर सोडायचा.

तिथे योग्य पर्याय कोणते? २एन २२१९ अगदी सारख्या टोपीत, सारख्या पायांचा आणि जास्त ताकदीचा. २एन २२२२ किंवा बीसी ३३७ हेही चालतात. बीडी १३९ दीड अँपिअरचा आहे, तो तर निवांत झोपून काम करील, फक्त त्याच्या पायांचा क्रम वेगळा. टीआयपी १२२ लावला तर तो पाच अँपिअर नेईल, पण तो डार्लिंग्टन, म्हणजे आत दोन ट्रान्झिस्टरांची जोडी. साधारण एक व्होल्ट तो स्वतःकडेच ठेवतो, त्यामुळे माळ किंचित मंद लागते. आराशीला एवढे चालते. तेव्हा ‘याला पर्याय काय’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कामाप्रमाणे उत्तर बदलते.

ध्वनिक्षेपकात २एन ३०५५ हा मोठा, डबीसारखा ट्रान्झिस्टर असे. ६० व्होल्ट, १५ अँपिअर. मोठ्या ध्वनिक्षेपकाला ६० व्होल्ट पुरत नाहीत, तिथे १४० व्होल्टांचा २एन ३७७३ लागतो. यांची धातूची डबी हाच कलेक्टर असतो, म्हणून डबी आणि तिला थंड ठेवणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालावा लागतो. घाईत तो विसरला तर नवा ट्रान्झिस्टर चालू करताक्षणी जातो.

या ३०५५ ने बाजारातली आणखी एक गोष्ट शिकवली. नकली माल. बाहेरून डबी तीच, छापील नंबर तोच आणि आत सिलिकॉनचा तुकडा करंगळीच्या नखाच्या टोकाएवढा. वजनाला हलका लागतो. थिनरच्या बोळ्याने पुसले की कधी वरचा नंबर निघून येतो आणि खाली दुसराच दिसतो. ‘सेम टू सेम’ नंबर मिळाला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. खोट्या ३०५५ पेक्षा खरा, वेगळ्या नंबरचा पर्याय केव्हाही बरा. मी तर भंगारातले जुने बोर्ड जपून ठेवतो. त्यातून काढून, मीटरवर तपासून घेतलेला जुना ट्रान्झिस्टर नव्या नकलीपेक्षा जास्त विश्वासू.

एका अक्षराची किंमत

टीव्हीत चित्रनळी होती त्या काळी आडवी रेघ ओढणारा एक ट्रान्झिस्टर असे, बीयू २०८. तो दर सेकंदाला १५,६२५ वेळा उघडझाप करायचा आणि दीड हजार व्होल्टांपर्यंतचे धक्के सोसायचा. याचे दोन प्रकार. २०८ ए आणि २०८ डी. डी च्या पोटात एक डायोड असतो, ए मध्ये नसतो. डी च्या जागी ए लावला आणि बाहेरून डायोड जोडला नाही तर तो टिकत नाही. नंबर तोच, दिसायला तोच, फरक शेवटच्या अक्षराचा. गिऱ्हाईक म्हणते, ‘नवीन टाकला तरी दोन दिवसांत परत गेला, सेटच खराब आहे.’ सेट खराब नसतो, अक्षर वाचलेले नसते.

अशा जागांबद्दल माझा नियम कडक होता. जिथे घरातल्या मेनचा करंट थेट येतो, जिथे शेकड्याने व्होल्ट खेळतात, तिथे ‘चालेल बहुतेक’ हा शब्द वापरायचा नाही. दाब, वेग आणि आतला डायोड ही सगळी माहिती जुळली तरच पर्याय, नाहीतर मूळ नंबर येईपर्यंत सेट बंद ठेवायचा. आणि पहिल्यांदा चालू करताना सेट सरळ बोर्डाला न लावता सिरीजच्या बल्बमधून लावायचा. आत काही शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. रेडिओतला चुकीचा ट्रान्झिस्टर फार तर खरखर करील. टीव्हीतला किंवा चार्जरमधला चुकीचा ट्रान्झिस्टर घराला आग लावू शकतो.

जुना रेडिओ, नवा ट्रान्झिस्टर

रेडिओकडे परत येऊ. तिथे अडचण वेगळी. जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बेसला सुमारे ०.२ व्होल्ट मिळाले की जागे होतात, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ लागतात. एसी १२८ च्या जागी सिलिकॉनचा पीएनपी नुसता बसवला तर आवाज येईल, पण घसा बसल्यासारखा. बेसला वीज देणारे रोध बदलून ती पातळी वर न्यावी लागते. आणि शेवटच्या टप्प्यात असे दोन ट्रान्झिस्टर जोडीने असतात, तेव्हा बदलायचे तर दोन्ही बदलायचे. बैलगाडीला एक बैल आणि एक घोडा जुंपून चालत नाही.

बीएफ १९४ गेला आणि ५४८ टाकला तर मीडियम वेव्हवर बहुतेकदा स्टेशन लागते. पण ५४८ च्या पोटातली आंतरिक धारिता जास्त, त्यामुळे कधी कधी स्टेशनाबरोबर शिट्टीही ऐकू येते. बीएफ १९४ चा खरा वारस बीएफ ४९४. त्याचा एमिटर मधल्या पायाला असतो, एवढे पाहून बसवला की शिट्टी नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, आता कोण ऐकतो रेडिओ, असे मला तरुण मंडळी विचारतात. त्यांना मी ३ जून २०२० ची आठवण देतो. त्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. झाडे, पत्रे, विजेचे खांब, सगळे आडवे. कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. मोबाइलचे मनोरे बंद, आणि मनोरा चालू असला तरी हातातला मोबाइल चार्ज कुठे करणार? त्यात करोनाची साथ. त्या आठवड्यात माझ्याकडे माळ्यावरचे, फडताळातले रेडिओ आले. वीस-वीस वर्षे कुणी हात न लावलेले. सेलवर चालतो, एवढाच त्यांचा गुण, आणि त्या दिवसांत तो मोठा होता.

मुंबईला जायला गाडी नाही, लॅमिंग्टन रोड लांबच राहिला. जे घरात आहे त्यातूनच भागवायचे. एका आजोबांचा सेट होता, त्यात एएफ ११७ हे जुने, चार पायांचे ट्रान्झिस्टर. तीन पाय नेहमीचे, चौथा बाहेरच्या टोपीचा. या जातीची एक जुनी खोड आहे. वर्षानुवर्षांनी टोपीच्या आत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आणि आतल्या पायांना टेकतात. ट्रान्झिस्टर मेल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात जिवंत असतो. अशा वेळी चौथा पाय कापून टोपी जमिनीपासून सोडवली की पुष्कळदा तो पुन्हा बोलू लागतो. मी कापला. खरखर आली, मग बातम्या आल्या. आजोबांनी किती पैसे झाले विचारले. पैसे कसले घेणार? नुसता पाय तर कापला होता.

त्याच दिवसांत दुसऱ्या एका सेटला मी टेपरेकॉर्डरच्या बोर्डातून काढलेले ट्रान्झिस्टर लावले, रोध बदलले, आवाज थोडा बारीक आला. मूळचा गोडवा त्यात नव्हता. पण वाडीतल्या दहा-बारा घरांना बातम्या आणि हवामानाचा अंदाज त्यावर ऐकता येत होता.

तेव्हा जे शिकत आहेत, घरी सोल्डरिंग आयर्न घेऊन बसतात, त्यांना माझे सांगणे इतकेच. पर्यायांच्या यादीचे पुस्तक जरूर वापरा, आता तर मोबाइलवर कुठल्याही नंबरची माहिती मिळते. पण यादी उघडण्याआधी सर्किटाला विचारा की तुझ्याकडे हा ट्रान्झिस्टर काय काम करतो. नुसती उघडझाप करतो, आवाज वाढवतो, लहरी पकडतो की मोठा दाब सोसतो. काम कळले की सातपैकी कोणते गुण जुळायलाच हवेत आणि कोणते सोडून देता येतील ते आपोआप कळते. नंबर पाठ करणाऱ्याला दहा पर्याय येतील, काम ओळखणाऱ्याला हवे तेवढे सापडतील.

आणि गिऱ्हाइकापासून काही लपवू नका. ‘मूळ नंबर मिळत नाही, हा लावला आहे, आवाजात एवढा फरक पडेल’ हे आधी सांगा. आमच्या भागातली माणसे साधी आहेत, सांगितले की ऐकून घेतात. फसवले की मात्र दुसऱ्यांदा पायरी चढत नाहीत.

शेवटी एक सवय सांगतो, ती एवढी लावून घ्या. ट्रान्झिस्टर बदलला की कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायचे. मूळ कोणता होता, कोणता लावला, पाय फिरवले असतील तर कसे, कोणता रोध बदलला, आणि तारीख. आपण लावलेला पर्यायही कधीतरी जाणारच. तेव्हा तो सेट कुणाच्या टेबलावर असेल सांगता येत नाही, पण जो उघडील त्याला निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल.